कुत्र्यांचे लसीकरण

कुत्र्यांचे लसीकरण : कुत्र्यांना होणारे काही संसर्गजन्य रोग टाळण्यासाठी त्या रोगांच्या विषाणूंची अथवा जंतूंची क्षीणित वा निष्क्रिय केलेली मात्रा निरोगी कुत्र्याच्या शरीरात घालून प्रतिरक्षा उत्पन्न करण्याची क्रिया. बाजारात मिळणाऱ्या लशींची संख्या मोठी असली, तरी प्रत्येक कुत्र्याला त्या सर्व टोचण्याची आवश्यकता नसते. रोग कितपत घातक आहे, तो त्या प्रदेशात आढळतो काय, कुत्र्याचे वय व राहणी कशी आहे यांवरून निवड करावयाची असते. या सर्वांहून वरचढ असा आणखी एक प्रश्न आहे व तो म्हणजे रोग कुत्र्यापासून माणसाला होतो काय, हा. कुत्रा पाळणाऱ्याकडून पुष्कळदा पहिल्या तीन गोष्टींचाच विचार होतो, म्हणून हा चौथा प्रश्न येथे प्रथम घेतला आहे.

विवेचन सोपे व्हावे म्हणून एखादे प्रत्यक्ष ठिकाण डोळ्यांपुढे ठेवणे इष्ट. बुलढाणा जिल्ह्यातील नांदुरा हे पूर्णेच्या खोऱ्यातील तालुक्याचे गाव मध्य रेल्वेच्या भुसावळ–बडनेरा मार्गावर, मलकापूर व शेगाव यांच्या दरम्यान आहे. विदर्भातील अशा कोणत्याही गावात कुत्र्यांचे स्थूलमानाने चार प्रकार दिसतात : घरात वाढवलेला जातिवंत कुत्रा, दिवसा गोठ्याशी बांधलेला व रात्री शेतात मोकळा सोडलेला राखणीचा कुत्रा, मेंढ्यांच्या कळपाबरोबर गावोगाव फिरणारा धनगरांचा कुत्रा, आणि स्टेशन, बसस्थानक, बाजार व खाटीकखाना यांच्या आसपास राहणारे, कोणाच्याच मालकीचे नसलेले कुत्रे. लसीकरणाचा खर्च बहुधा पहिल्या प्रकारच्या कुत्र्यावर होतो. रोगाशी अधिक गाठ पडते ती मात्र उरलेल्या तिघांची.

अलर्क रोगाची लस : अलर्क म्हणजे पिसाळण्याचा रोग [⟶ अलर्क रोग] भारतात जवळजवळ सर्वत्र आढळतो. लक्षणे दिसू लागल्यानंतर माणूस असो वा जनावर, तो जवळजवळ नेहमीच मरण पावतो. माणसाला होणाऱ्या या रोगाचे मूळ शोधले असता शंभरातील नव्व्याण्णव वेळा ते कुत्र्याच्या चाव्यात सापडते. जगात त्याने दरवर्षी सु. ५९,००० माणसे दगावत असावीत असा अंदाज २०१५ साली प्रसिद्ध झाला. भारतापुरते पाहिले, तर २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी पाहणीत हा आकडा वर्षाला सु. ५,७०० इतका आला आहे. पूर्वी धरण्यात येणाऱ्या २०,००० च्या आकड्यापेक्षा तो पुष्कळ कमी आहे. परंतु हे सर्व मृत्यू टाळता येण्यासारखे होते ही गोष्ट त्यामुळे बदलत नाही. पिसाळलेल्या जनावराच्या चाव्याला बळी पडण्याचा धोका मुलांना विशेष असतो. कुत्र्याशी खेळणारी तीच, चावा डोक्यावर व चेहऱ्यावर होण्याइतकी उंचीने कमी असणारीही तीच आणि ओरखडा घरी न सांगणारीही बहुधा तीच.

त्यामुळे अलर्काच्या लशीच्या बाबतीत निवडीचा प्रश्न उद्भवत नाही. घराबाहेर न पडणारा कुत्रा असो, म्हातारा असो, गावठी असो वा जातिवंत असो, ती प्रत्येकाला टोचली पाहिजे. एकाच लशीपुरता पैसा हाताशी असेल, तर तो हिच्यावर खर्च करावा. घरातला कुत्रा कोठे जात नाही म्हणून त्याला लस नको, असे म्हणणारे मालक पुष्कळ भेटतात. पिसाळलेला कुत्रा आपल्या नेहमीच्या हद्दीत राहत नाही. तो मैलोगणती भटकतो, दिसेल त्या आवारात शिरतो व गोठ्यातील गाय, बैल, म्हैस यांनाही चावतो, हे त्यांच्या ध्यानात येत नाही. सर्वच पिसाळलेली कुत्री आक्रमक होतात असेही नाही. रोगाच्या मूक प्रकारात कुत्र्याचा खालचा जबडा लुळा पडतो, लाळ गळते व गिळता येत नाही. घशात हाड अडकले असावे अशा समजुतीने मालक त्याच्या तोंडात हात घालून पाहतो. लाळेतून विषाणू बाहेर पडत असल्यामुळे हातावरील साधी चीरही अशा वेळी जीवघेणी ठरू शकते.

ही लस निष्क्रिय विषाणूंची असते. पिल्लाचे वय बारा आठवड्यांचे झाल्यावर पहिली मात्रा व त्यानंतर एका वर्षाने दुसरी देतात. पुढील मात्रा लशीच्या परवान्यानुसार दर वर्षी किंवा दर तीन वर्षांनी देतात. भारतात दर वर्षी टोचण्याचा प्रघात आहे. मालकाचा पत्ता नसलेल्या व पुन्हा हाती लागण्याची शाश्वती नसलेल्या कुत्र्यांच्या बाबतीत तो योग्यही आहे. सामुदायिक मोहिमेत बारा आठवड्यांहून लहान पिल्लांनाही लस टोचावी, असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे. कारण रस्त्यावरची पिल्ले मुले उचलून घरी आणतात आणि त्यांच्यातही हा रोग आढळतो. लस टोचलेल्या कुत्र्याला पिसाळलेला कुत्रा चावल्यास ताबडतोब आणखी एक मात्रा द्यावी लागते. लस न टोचलेल्या कुत्र्याला असा चावा झाल्यास मागाहून लशीच्या अनेक मात्रा देतात खऱ्या. परंतु त्याने तो वाचेलच अशी हमी कोणीही देऊ शकत नाही.

लुई पाश्चर यांनी आपल्या लशीचे पहिले प्रयोग कुत्र्यांवरच केले होते. ६ जुलै १८८५ रोजी ती जोझेफ माइस्टर या मुलाला टोचली गेल्यावर जगाचे लक्ष माणसाच्या उपचाराकडे वळले. कुत्र्यांनाच आधी लस टोचून रोगाचा उगम बंद करावा, ही दिशा जपानमध्ये प्रथम ठळक झाली. तेथे उमेनो व दोइ यांनी १९२१ च्या सुमारास कुत्र्यांसाठी एका मात्रेची लस वापरात आणली. पुढे १९५० साली जपानने कायदा करून कुत्र्यांची नोंदणी व लसीकरण सक्तीचे केले आणि १९५७ नंतर तेथील जनावरांत हा रोग आढळला नाही.

पिल्लांचे तीन रोग : अलर्कानंतर महत्त्वाचे म्हणजे डिस्टेंपर, पार्व्होव्हायरसजन्य आंत्रशोथ व संसर्गजन्य यकृतशोथ हे विषाणुजन्य रोग होत. ते माणसाला होत नाहीत. परंतु पिल्लांत मृत्यूचे प्रमाण फार मोठे असते व त्यांवरील लशी उत्तम आहेत. त्यामुळे कुठलेही पिल्लू त्यांच्यावाचून ठेवू नये.

यांपैकी पार्व्होव्हायरसचा रोग सर्वांत अलीकडचा आहे. १९७८ च्या सुमारास तो एकाएकी जगभर पसरला आणि १९८० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत भारतातही आढळला. खाणे बंद होणे, सतत ओकाऱ्या व दुर्गंधीयुक्त रक्तमिश्रित हगवण ही त्याची लक्षणे होत. सलाइन व इतर उपचार वेळेवर न मिळाल्यास पिल्लू दोन-तीन दिवसांत दगावते. हा विषाणू अतिशय चिवट असून जमिनीत अनेक महिने टिकतो. नेहमीच्या फिनेलने तो खात्रीने मरत नाही. विरंजक द्रव (सोडियम हायपोक्लोराइट) वापरावा लागतो. ज्या अंगणात एक पिल्लू या रोगाने मेले, तेथे लगेच दुसरे आणून बांधणे म्हणजे त्यालाही त्याच वाटेला लावणे होय. नवे पिल्लू आणावयाचे असल्यास त्याचे लसीकरण पुरे झाल्यावरच आणावे.

डिस्टेंपरचा विषाणू याउलट नाजूक असतो. उष्णतेने व साध्या जंतुनाशकांनी तो मरतो. परंतु रोगी कुत्र्याच्या शिंकेतून व खोकल्यातून तो झपाट्याने पसरतो. प्रथम ताप येऊन डोळ्यांना व नाकाला चिपडे येतात. पुढे न्यूमोनिया, हगवण आणि काही आठवड्यांनी स्नायूंना झटके येणे, आचके व लुळेपणा ही लक्षणे दिसतात. झटके येऊ लागल्यानंतर उपचाराने फारसे साधत नाही व वाचलेल्या कुत्र्यातही पुष्कळदा ते जन्मभर राहतात. या रोगाचे कारण गाळणीतून पार होणारा विषाणू आहे हे आंरी कारे यांनी १९०५ साली दाखविले आणि १९२०–३० या दशकात लेडलॉ व डंकिन यांनी इंग्लंडमध्ये त्यावर लस तयार केली. हा विषाणू कुत्र्यापुरता राहत नाही. १९९४ साली आफ्रिकेतील सेरेंगेटीच्या रानात त्याने सु. एक तृतीयांश सिंह मेले. २०१८ साली गीरमध्ये दगावलेल्या सिंहांतही तो सापडला. नांदुऱ्याहून फार दूर नसलेल्या ज्ञानगंगा अभयारण्याच्या कडेला असलेल्या गावांतील कुत्र्यांचे लसीकरण या दृष्टीनेही महत्त्वाचे आहे. मात्र वन्य प्राण्यांचा असा विचार आपल्याकडे क्वचितच होतो.

संसर्गजन्य यकृतशोथ ॲडिनोव्हायरसाच्या पहिल्या प्रकारामुळे होतो. लशीत मात्र त्याचा दुसरा प्रकार वापरतात. कारण पहिल्या प्रकाराच्या लशीने काही कुत्र्यांचे बुबुळ धुरकट निळे होत असे. दुसऱ्या प्रकाराने तसे होत नाही आणि संरक्षण दोन्ही प्रकारांपासून मिळते.

पिल्लाचे वय व चिकातील प्रतिपिंडे : लस टोचूनही पिल्लू पार्व्होने दगावले, अशी तक्रार अनेकदा ऐकू येते. दोष लशीचा असेल असे मालकाला वाटते. पुष्कळदा तो वेळेचा असतो. जन्मानंतरच्या पहिल्या दिवसात आईच्या चिकातून पिल्लाला प्रतिपिंडे मिळतात व ती पुढे काही आठवडे त्याचे रक्षण करतात. याच प्रतिपिंडांमुळे टोचलेल्या लशीतील विषाणूही निष्प्रभ होतो व लस वाया जाते. प्रतिपिंडे दर नऊ-दहा दिवसांनी सु. निम्म्याने घटतात. घटता घटता अशी एक अवस्था येते, की ती रोगापासून वाचविण्यास अपुरी, पण लस निष्फळ करण्यास पुरेशी असतात. हा धोक्याचा काळ कोणत्या पिल्लात केव्हा येईल हे बाहेरून कळत नाही. एकाच वेतातील दोन पिल्लांतही त्यात फरक पडतो. कारण ज्याने चीक अधिक प्याला त्याची प्रतिपिंडे अधिक काळ टिकतात.

यावर उपाय म्हणून सहा ते आठ आठवड्यांच्या वयात पहिली मात्रा देऊन त्यानंतर दर दोन ते चार आठवड्यांनी ती पुन्हा देतात व शेवटची मात्रा सोळा आठवडे पूर्ण झाल्यावर देतात. पहिली मात्रा प्रतिरक्षा निर्माण करते आणि पुढच्या मात्रा ती ‘वाढवितात’, ही समजूत चुकीची आहे. प्रत्येक मात्रा हा नवा प्रयत्न असतो व त्यांतील एक तरी योग्य वेळी पडावी हा हेतू असतो. यावरून शेवटच्या मात्रेचे महत्त्व उघड होते. दोन इंजेक्शने देऊन दहाव्या-बाराव्या आठवड्यात ‘कोर्स’ संपविणे ही आपल्याकडील सर्वसामान्य चूक आहे. वर्ल्ड स्मॉल ॲनिमल व्हेटरिनरी असोसिएशन या संघटनेच्या मार्गदर्शक सूचनांनुसार, ज्या पिल्लाला एकदाच लस देणे शक्य आहे, त्याला ती सोळा आठवडे वयाचे झाल्यावर द्यावी. खेड्यातील राखणीच्या कुत्र्याच्या बाबतीत हा सल्ला विशेष उपयोगी आहे; कारण त्याला चार वेळा तालुक्याच्या दवाखान्यात कोणी नेणार नाही. अशा वेळी अलर्काची लसही त्याच दिवशी टोचून घ्यावी. मधल्या काळात पिल्लाला बाजार, उकिरडा व अनोळखी कुत्रे यांपासून दूर ठेवावे.

लेप्टोस्पायरोसिस : ही लस द्यावी किंवा नाही हे मुख्यत्वे स्थळावरून ठरते. उंदरांच्या व इतर जनावरांच्या मूत्रातून हे जंतू पाण्यात व चिखलात येतात. कुत्र्याला काविळीचा व मूत्रपिंडाचा विकार होतो आणि त्याच्या मूत्रातून माणसालाही संसर्ग होऊ शकतो. मुंबईत २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर हा रोग माणसांत मोठ्या प्रमाणावर उद्भवला होता. कोकणातील भातखाचरांच्या प्रदेशातही तो पावसाळ्यात आढळतो. सिंधुदुर्गातील कुत्र्याला ही लस आवश्यकच मानली पाहिजे. नांदुऱ्यासारख्या कमी पावसाच्या भागात घरात राहणाऱ्या कुत्र्याला धोका कमी असतो. पण धान्याच्या गोदामाची राखण करणाऱ्या, उंदीर मारणाऱ्या, गटाराचे पाणी पिणाऱ्या किंवा नदीकाठी फिरणाऱ्या कुत्र्याचा विचार निराळा करावा लागतो. लशीपासून मिळणारे संरक्षण वर्षभरच टिकते व ते लशीत समाविष्ट असलेल्या जंतुप्रकारांपुरते असते. प्रथम दोन ते चार आठवड्यांच्या अंतराने दोन मात्रा व नंतर दर वर्षी, शक्यतो पावसाळ्यापूर्वी, एक मात्रा देतात. एकच मात्रा देऊन थांबल्यास काहीच साधत नाही.

पॅराइन्फ्लुएंझा व बोर्डेटेला यांच्या लशी संसर्गजन्य खोकल्यावरील आहेत. प्रदर्शनात नेल्या जाणाऱ्या वा अनेक कुत्र्यांबरोबर ठेवल्या जाणाऱ्या कुत्र्यालाच त्यांचा उपयोग. आतड्याच्या कोरोनाव्हायरसाची लस बहुतेक तज्ञ अनावश्यक मानतात. बाजारात ‘सेव्हन इन वन’, ‘नाइन इन वन’ अशा नावांनी मिश्र लशी मिळतात. आकडा मोठा तितकी लस चांगली, असे मात्र नाही. वर सांगितलेल्या एकाच ॲडिनोव्हायरस घटकामुळे टळणारे दोन रोग काही उत्पादक स्वतंत्रपणे मोजतात, लेप्टोस्पायरांच्या प्रत्येक प्रकाराचा एक अंक धरतात व आकडा वाढवितात. वेष्टनावरील अंक न पाहता घटकांची यादी पाहावी.

पुनर्लसीकरण : डिस्टेंपर, पार्व्हो व यकृतशोथ यांच्या क्षीणित विषाणूंच्या लशीने आलेली प्रतिरक्षा अनेक वर्षे टिकते. पिल्लाच्या मात्रा पुऱ्या झाल्यावर सहा महिन्यांच्या ते एक वर्षाच्या वयात आणखी एक मात्रा द्यावी. त्यानंतर ती तीन वर्षांच्या आत पुन्हा देण्याचे कारण नाही. दर वर्षी सर्व लशी टोचण्याची पद्धत आपल्याकडे अजूनही रूढ आहे. तिने सहसा अपाय होत नाही. पण कुत्रा पाळणाऱ्याचा जो पैसा अलर्काच्या वार्षिक मात्रेवर खर्च व्हावयाचा तो अन्यत्र जातो व अनेकजण खर्चाला कंटाळून सर्वच सोडून देतात. पूर्वी काय टोचले याची माहिती नसलेल्या मोठ्या कुत्र्याला अलर्काची एक मात्रा व या तीन रोगांवरील मिश्र लशीच्या एक किंवा दोन मात्रा देतात.

ताप आलेल्या व खंगलेल्या कुत्र्याला लस देणे लांबणीवर टाकावे. गाभण कुत्रीला जिवंत विषाणूंची लस टाळावी. लस टोचल्यावर एक-दोन दिवस मलूल राहणे किंवा टोचल्या जागी गाठ येणे यात विशेष काही नाही. क्वचित काही मिनिटांत तोंड सुजणे, ओकारी, धाप लागणे अशी तीव्र प्रतिक्रिया येते. म्हणून दवाखान्यातून लगेच न निघता अर्धा तास थांबावे.

लस २° ते ८° से. तापमानात ठेवावी लागते. विदर्भात एप्रिल–मे महिन्यांत पारा ४०° से. च्या वर असतो. औषधाच्या दुकानातून लस घेऊन ती सदऱ्याच्या खिशात वा मोटारसायकलच्या डिकीत टाकून गावी नेणे म्हणजे पैसे देऊन पाणी टोचण्यासारखे आहे. बर्फाच्या डब्यातूनच ती न्यावी. अलर्काच्या एका निष्क्रिय लशीची चाचणी टांझानियात घेण्यात आली व २५° से. तापमानात सहा महिने अथवा ३०° से. तापमानात तीन महिने ठेवल्यावरही ती परिणामकारक राहिल्याचे २०१६ साली प्रसिद्ध झाले. दुर्गम भागातील मोहिमांना त्यामुळे आधार मिळाला असला, तरी नांदुऱ्याच्या उन्हाळ्याला तो लागू होत नाही. गोठवून शुष्क केलेली जिवंत लस द्रावणात मिसळल्यावर लगेच वापरावी. निष्क्रिय लस गोठली, तर तीही बिघडते. म्हणून शीतकपाटाच्या बर्फाच्या कप्प्यात ती ठेवू नये.

भटके कुत्रे : २०१९ च्या पशुगणनेत भारतातील भटक्या कुत्र्यांची संख्या सु. १.५३ कोटी भरली. त्यांना मारून रोग आटोक्यात आणण्याचा प्रयत्न जुना आहे. १८३२ च्या जून महिन्यात मुंबईत कुत्री मारण्याच्या सरकारी हुकुमावरून पारशी समाजातील लोकांनी दंगल केली होती. मारल्याने मोकळी झालेली जागा लवकरच नवे, लस न टोचलेले कुत्रे व्यापतात, असा ठिकठिकाणचा अनुभव आहे. एखाद्या भागातील सु. ७० टक्के कुत्र्यांना लस टोचली व ते प्रमाण टिकविले, तर रोगाची साखळी तुटते. रस्त्यावरील कुत्र्यांचे आयुष्य थोडे व नव्या पिल्लांची भर मोठी असल्यामुळे ही मोहीम दर वर्षी राबवावी लागते. गोव्यात राज्य शासन व मिशन रेबीज ही संस्था यांनी घरोघर व गल्लोगल्ली जाऊन, जाळ्याने कुत्रे पकडून असे लसीकरण वर्षानुवर्षे केले. त्याच्या जोडीला शाळांतून शिक्षण व संशयित कुत्र्यांचा पाठपुरावा होता. २०१८ नंतर काही वर्षे तेथे माणसाचा या रोगाने मृत्यू झाला नाही व २०२१ साली राज्य अलर्कनियंत्रित म्हणून घोषित करण्यात आले.

प्राणी जन्मनियंत्रण नियम, २०२३ नुसार भटक्या कुत्र्यांचे निर्बीजीकरण व लसीकरण ही स्थानिक संस्थेची, तर पाळीव कुत्र्याचे लसीकरण ही मालकाची जबाबदारी आहे. निर्बीजीकरण केलेल्या कुत्र्याच्या कानाला खूण म्हणून खाच करतात. अशी खाच पाहून त्याला लस दिलेली आहे असे लोक धरून चालतात. ती एकदा दिलेली असते; त्यानंतर पुन्हा दिली गेली की नाही, हे खाचेवरून कळत नाही.

पाळीव कुत्र्याच्या कार्डावर प्रत्येक लशीचे नाव, गट क्रमांक, टोचल्याची तारीख व पशुवैद्याची सही असावी. परंतु हे कार्ड चावलेल्या माणसाच्या उपचाराची जागा घेऊ शकत नाही. लस टोचलेला कुत्राही क्वचित पिसाळतो. अशा कुत्र्याने चावा घेतल्यास जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी; तिच्यावर तिखट, चुना किंवा हळद लावू नये व त्याच दिवशी रुग्णालयात जाऊन लस सुरू करावी. जखम खोल असल्यास लशीबरोबर अलर्कविरोधी प्रतिपिंडांचे द्रव्यही जखमेत टोचून घ्यावे लागते. कुत्र्याला मारू नये. दहा दिवस बांधून नजरेखाली ठेवावे. या दहा दिवसांत तो धडधाकट राहिला, तर चाव्याच्या वेळी त्याच्या लाळेत विषाणू नव्हता असे ठरते व माणसाच्या उरलेल्या मात्रांबाबत डॉक्टरांना निर्णय घेता येतो.